ठिणगीपासून उजेडापर्यंत : रॉबर्ट बॉश

वर्कशॉपमध्ये कधी जुन्या गाडीचं वायरिंग उघडलंय? उघडलं असेल तर एक छोटा काळा चौकोनी रिले नक्की हातात आला असेल. त्याच्या पायांजवळ ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे लिहिलेले असतात. फर्स्ट इयरला असताना बऱ्याच जणांना ते व्होल्ट किंवा अँपिअर वाटतात. प्रत्यक्षात डीआयएन ७२५५२ नावाच्या जर्मन स्टँडर्डनुसार गाडीतल्या प्रत्येक टर्मिनलला ठरलेला नंबर असतो. ३० म्हणजे बॅटरीचा थेट प्लस, ३१ म्हणजे अर्थ, ५६ म्हणजे हेडलाइट आणि ५५ म्हणजे पुढचा फॉग लाइट. अशा रिलेवर बऱ्याचदा एक चिन्हही असतं, गोलात बसवलेलं इंग्रजी एचसारखं काहीतरी. ते अक्षर नाही. मॅग्नेटोचं आर्मेचर आडवं कापलं तर जे दिसेल त्याचं ते चित्र आहे, आणि ते १९१८ साली बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने काढलं.

बॉश हे नाव आपल्याला ड्रिल मशीनवरून, स्पार्क प्लगवरून, आणि फायनल इयरच्या मुलांना कॅम्पसच्या यादीवरून माहीत असतं. पण बॉश हा एक जिताजागता माणूस होता, तोही इंजिनिअरिंगची डिग्री नसलेला, हे मला स्वतःला सेकंड इयरपर्यंत माहीत नव्हतं. हा लेख त्या माणसावर.

रॉबर्ट बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावी झाला. बारा भावंडांत हा अकरावा. वडिलांची सराई होती आणि शेतीही होती. खाऊन-पिऊन सुखी घर, आणि त्या काळच्या मानाने वडील चांगले वाचणारे, मोकळ्या विचारांचे होते. मुलाला खरी आवड झाडंझुडपं आणि प्राण्यांची. पण उल्मच्या शाळेतून बाहेर पडल्यावर १८७६ मध्ये त्याला एका मेकॅनिककडे उमेदवारीला ठेवलं गेलं. तिथे तो काही फार शिकला नाही. मालक बहुतेक वेळ जागेवर नसायचा आणि पोरांना शिकवण्यात त्याला रस नव्हता. आपल्यालाही असे सर भेटलेले आहेत, त्यामुळे जास्त लिहायला नको! मात्र पुढे स्वतःचा कारखाना झाल्यावर उमेदवारांना नीट शिकवण्याची सोय बॉशने मुद्दाम केली, त्याचं मूळ या तीन वर्षांत आहे.

नंतरची सात वर्षं म्हणजे नुसती भटकंती. या गावात सहा महिने, त्या शहरात वर्षभर. मध्येच सैन्यातली सक्तीची नोकरी. १८८३-८४ मध्ये स्टुटगार्टच्या टेक्निकल कॉलेजात पाहुणा विद्यार्थी म्हणून थोडे दिवस बसणं, एवढंच काय ते त्याचं कॉलेजशिक्षण. तिथे त्याला थिअरीची ओळख झाली, व्होल्टेज आणि करंट या शब्दांची भीती गेली. मग १८८४ मध्ये तो जहाजाने अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कंपनीत कामाला लागला. तिथे मजुरांच्या नाइट्स ऑफ लेबर या संघटनेचा तो सभासदही झाला. अमेरिकेबद्दल मनात जे समतेचं चित्र होतं ते मात्र तिथे गेल्यावर टिकलं नाही. परतताना इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यात काही काळ काम करून तो घरी आला.

१५ नोव्हेंबर १८८६. पंचवीस वर्षांच्या बॉशने स्टुटगार्टमध्ये एका इमारतीच्या मागच्या भागात छोटं वर्कशॉप उघडलं. वडिलांच्या वारशातून आलेले पैसे, एक कारागीर आणि एक निरोप्या पोऱ्या, एवढंच भांडवल. काम काय, तर मिळेल ते! घंटा बसव, टेलिफोन दुरुस्त कर, कोणाच्या घरी वायरिंग करून दे. १८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला एका स्थिर इंजिनसाठी मॅग्नेटो बनवून मागितला. डॉइट्स कंपनी तसलं यंत्र वापरत होती. बॉशने ते जाऊन बघितलं, त्यावर पेटंट नाही याची खात्री करून घेतली आणि सुधारून आपलं बनवलं. म्हणजे ज्या वस्तूने बॉश जगभर पोहोचला ती वस्तू त्याने शोधलेली नव्हती. हे मला फार इंटरेस्टिंग वाटतं, कारण आपल्याकडे प्रत्येक मोठ्या माणसाला संशोधक ठरवण्याची घाई असते. बॉशची खरी हुशारी वेगळी होती. वस्तू कशी असली पाहिजे हे त्याला पक्कं कळायचं, आणि तशी होईपर्यंत तो ती दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही.

मॅग्नेटो म्हणजे काय ते दोन ओळीत सांगते. कायमच्या चुंबकात गुंडाळी हलवली की करंट तयार होतो, आणि तो सर्किट तुटताना ठिणगी देतो. बॅटरी लागत नाही. त्या काळात बॅटऱ्या वारंवार दगा द्यायच्या, म्हणून हे फार मोलाचं होतं.

पैसा मात्र नव्हता. लग्न झालेलं, मुलं झालेली, आईकडून आणि नातेवाइकांकडून उसने घेतलेले. १८९०च्या सुरुवातीला मंदी आली तेव्हा वर्कशॉपमधल्या बहुतेक माणसांना काढावं लागलं. बॉशने एक सायकल घेतली होती, गावभर विखुरलेल्या कामांवर देखरेख करायला तो तिच्यावरून फिरायचा. तेव्हा स्टुटगार्टमध्ये सायकल हीच बघण्यासारखी गोष्ट होती, त्यामुळे फुकटची जाहिरातही झाली.

वळण आलं १८९७ मध्ये. फ्रेडरिक सिम्स या इंग्लंडमधल्या व्यावसायिकाने फ्रान्सची दे दियों-बुतों ही तीनचाकी मोटार आणून दिली आणि हिच्या इंजिनाला मॅग्नेटो बसवून दाखवा म्हणाला. अडचण अशी की बॉशचा मॅग्नेटो सावकाश चालणाऱ्या स्थिर इंजिनासाठी होता. त्यात जड आर्मेचर मागे-पुढे झुलायचं. भराभर फिरणाऱ्या मोटारीच्या इंजिनाबरोबर ते जाणार कसं? कारखान्यातल्या आर्नोल्ड त्सेरिंगरने उपाय काढला. आर्मेचर जागच्या जागी ठेवायचं आणि त्याच्याभोवती एक हलकी लोखंडी नळी झुलवायची. वस्तुमान कमी, म्हणून जडत्व कमी, म्हणून वेग वाढवता येतो. अप्लाइड मेकॅनिक्सच्या पेपरला येईल असा प्रश्न!

पुढची पायरी होनोल्डची. १९०१ च्या अखेरीस त्याने हाय-व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला आणि १९०२ मध्ये त्याची विक्री सुरू झाली. इंजिनाच्या आत हलणारे, झिजणारे संपर्काचे पार्ट गेले. त्यानंतर बॉशचं वर्कशॉप खऱ्या अर्थाने कारखाना झालं. १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला, आणि त्याच वर्षी बॉशने कामगारांसाठी आठ तासांचा दिवस सुरू केला. जर्मनीत तेव्हा दहा-दहा तास राबवणं सर्रास चाले. यात निव्वळ दया नव्हती. आठ तासांच्या दोन पाळ्या लावल्या की यंत्रं दिवसात सोळा तास चालतात, आणि न दमलेला माणूस कमी माल बिघडवतो, असा हिशेबही होता. पण तो हिशेब करायला त्या वेळी बाकीचे कारखानदार तयार नव्हते, हेही खरं. समाजवादी विचारवंत कार्ल काउत्स्की बॉशचा शेजारी होता, दोघांचं चांगलं जमायचं. साहजिकच बाकीच्या मालकांनी याचं नाव ‘लाल बॉश’ पाडलं.

स्वभावाने माणूस कडक. रिकाम्या खोलीत दिवा जळत राहिलेला दिसला की झालंच. वाया जाणारी कुठलीही वस्तू त्याला बघवत नसे. हॉस्टेलच्या रेक्टरांना हा परिच्छेद आवडेल याची खात्री आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते, तो म्हणजे उजेड.

१९१० च्या आसपास बऱ्याच मोटारींना कार्बाइडचे दिवे असायचे. डब्यात कॅल्शियम कार्बाइड, त्यावर थेंब थेंब पाणी, तयार होणारा अ‍ॅसिटिलीन वायू नळीने दिव्यापर्यंत, आणि मग गाडी थांबवून, खाली उतरून काडीने पेटवायचं. पाऊस, वारा, खड्डा, कशानेही विझणार. विजेचा दिवा लावायचा म्हटलं तर वीज आणायची कुठून? नुसती बॅटरी लावली तर संपते. नुसता डायनॅमो लावला तर इंजिनाच्या वेगाबरोबर व्होल्टेज वर-खाली होतं, हळू चालवलं की दिवा मंद आणि पळवलं की बल्ब उडाला. गाडी उभी केली की अंधार.

१९१३ मध्ये बॉशने बाजारात आणलेल्या ‘बॉश-लिश्ट’ म्हणजे बॉश-उजेड या संचात म्हणूनच नुसते दिवे नव्हते. हेडलॅम्प, डायनॅमो, बॅटरी आणि रेग्युलेटर असा एकमेकांना साजेसा पूर्ण सेट होता. रेग्युलेटर व्होल्टेज आवरतो. इंजिन बंद किंवा अगदी सावकाश असताना बॅटरीतला करंट उलटा डायनॅमोत जाऊ नये म्हणून स्विच लागतो, तोही असतो. आज हे वाचून यात काय मोठंसं, असं वाटेल. पण आपल्या प्रत्येक मोटारसायकलमध्ये आजही हेच चार घटक आहेत, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला इतकंच. इथे ठिणगीचा व्यापारी उजेडाचा व्यापारी झाला. पाठोपाठ १९१४ मध्ये स्टार्टर, १९२१ मध्ये हॉर्न, १९२६ मध्ये वायपर, १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंप. १९२१ मध्येच हॅम्बर्गला पहिलं बॉश सर्व्हिस वर्कशॉप निघालं, कारण असला माल विकून भागत नाही, तो गाडीत नीट बसवून देणारा माणूसही लागतो. आणि १९३०च्या दशकात जर्मन गाड्यांच्या बंपरवर बॉशचे फॉग लाइट दिसू लागले.

व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत तुम्ही हे जाडजूड, काचेवर उभ्या रेघा असलेले दिवे पाहिले असतील. अशी एखादी ६ व्होल्टची गाडी हातात आली आणि तिला फॉग लाइट लावायचे ठरले, तर बॉशच्या त्या संचाचा विचार किती बरोबर होता ते कळतं. ३५ वॉटचा एक दिवा ६ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर ओढतो, दोन दिवे म्हणजे १२. १२ व्होल्टच्या गाडीत हाच आकडा निम्मा असतो. त्यामुळे वायर जाड हवी. वायरमध्ये आणि जुनाट स्विचमध्ये मिळून अर्धा व्होल्ट जरी पडला तरी ६ व्होल्टला तो आठ टक्के होतो, आणि फिलामेंट बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घसरत असल्याने सुमारे पाव उजेड गायब! म्हणून रिले. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून रिलेचा ३०, ८७ वरून दिव्यांकडे, ८५ अर्थला, आणि ८६ ला डॅशबोर्डच्या स्विचमधून पार्किंग लाइटची म्हणजे ५८ ची लाइन. असं केलं की पार्किंग बंद केल्यावर फॉग लाइट चुकून चालू राहत नाहीत. रिलेची कॉइलही ६ व्होल्टचीच घ्यायची, बाजारात सहज मिळणारा १२ व्होल्टचा रिले ६ वर नीट ओढत नाही. अर्थसाठी गंजलेल्या, रंग दिलेल्या बॉडीवर भरवसा न ठेवता वेगळी वायर ओढावी. गाडी ब्रिटिश असेल तर आधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते बघावं, तिकडे बऱ्याच गाड्यांत प्लस अर्थ असायचा. मूळ बंपरला भोकं पाडू नयेत, क्लॅम्पने बसवावं.

आणि डायनॅमो? अशा जुन्या ६ व्होल्टच्या डायनॅमोची ताकद साधारण शंभर-सव्वाशे वॉटची. हेडलाइटचे ७०, टेल लाइट आणि इग्निशनचे थोडे, त्यावर फॉगचे ७०. बेरीज बसत नाही, उरलेलं बॅटरीतून जाणार. म्हणून दाट धुक्यात हेडलाइट बंद करून फॉग आणि पार्किंगवर चालवणं हेच बरं, आणि गंमत म्हणजे दिसतंही तसंच जास्त. पावसाळ्यात आंबोली किंवा माळशेज घाटात कोणी अप्पर लावून बघितला असेल तर माहीत असेल, समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे थेंब उजेड परत डोळ्यांवर फेकतात. फॉग लाइट खाली बसवतात, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरच्या बाजूला कापल्यासारखा. त्यामुळे डोळ्यांसमोरच्या धुक्यावर उजेड कमी पडतो आणि रस्त्याच्या कडेवर जास्त. पिवळी काच लावल्याने धुकं भेदतं हा समज मात्र फारसा खरा नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यांना रंगाशी विशेष देणंघेणं नसतं. असो. वायरिंगच्या नादात माणूस बाजूला राहिला.

ज्या १९१३ मध्ये बॉश-लिश्ट आला त्याच वर्षी बॉशच्या कारखान्यात मोठा संप झाला. ज्याने कामगारांना आठ तास दिले त्याच्याच दारात! बॉशला हे फार लागलं. तो मालकांच्या संघटनेत सामील झाला. वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं. युद्धात पैसा कमवायचा नाही असं त्याचं मत होतं आणि त्याने लाखो मार्क समाजाच्या कामांना देऊन टाकले. पण कारखाना मात्र युद्धसाहित्य बनवत होता. युद्धापूर्वी विक्रीतला मोठा हिस्सा परदेशातून यायचा. युद्धात अमेरिकेतली त्याची कंपनी शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झाली, पेटंटं गेली, तिथे स्वतःचं नाव वापरायचीही पंचाईत झाली. घरातही दुःख होतं. मोठा मुलगा रॉबर्ट अनेक वर्षांच्या आजारानंतर १९२१ मध्ये गेला. पुढे पहिलं लग्न मोडलं, १९२७ मध्ये दुसरं झालं आणि साठी ओलांडल्यावर त्याला पुन्हा दोन मुलं झाली.

यानंतरचा काळ लिहिताना मला जरा विचार करावा लागला. जर्मनीने फ्रान्सशी समेट करावा हा बॉशचा ध्यास होता आणि त्यासाठी त्याने पैसे खर्च केले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बॉश त्याला एकदा भेटला, शांततेचं सांगून बघितलं, उपयोग झाला नाही. त्यानंतर या माणसाने आणि त्याच्या भोवतीच्या वरिष्ठ मंडळींनी दोन आयुष्यं एकदम जगली असंच म्हणावं लागतं. एकीकडे कंपनीने ज्यू लोकांना देश सोडायला पैशांची मदत केली. १९३७ मध्ये लाइपझिगचे माजी महापौर कार्ल गोर्डेलर यांना सल्लागार म्हणून ठेवून घेतलं, त्या नोकरीच्या आडून त्यांनी हिटलरविरोधी लोक जोडले. दुसरीकडे त्याच कंपनीचे स्पार्क प्लग आणि इंजेक्शन पंप हिटलरच्या विमानांत आणि ट्रकांत जात होते. युद्धाच्या काळात बॉशच्या कारखान्यांत जबरदस्तीने आणलेले सुमारे २०,००० लोक राबले, पुढे पुढे त्यांत छळछावण्यांतल्या स्त्रियाही होत्या. आठ तासांचा दिवस देणाऱ्याच्या कंपनीत! छावण्यांतली माणसं आणली गेली तेव्हा तो हयात नव्हता, पण सक्तीची मजुरी त्याच्या हयातीतच सुरू झाली होती. कंपनी वाचवायची तर हे करावंच लागलं, असं म्हणणारे आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. पण त्याच्या जागी मी काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगताही येत नाही.

१२ मार्च १९४२ रोजी, ऐंशीव्या वर्षी, बॉशचं स्टुटगार्टमध्ये निधन झालं. कानाच्या जंतुसंसर्गाचं निमित्त झालं. होमिओपॅथीवर त्याचा इतका विश्वास होता की दोनच वर्षांपूर्वी, १९४० मध्ये, त्याने शहराला होमिओपॅथीचं हॉस्पिटल बांधून दिलं होतं. ज्या राजवटीला तो मनातून तिरस्कारत होता तिनेच त्याची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली. गोर्डेलर यांना १९४४ च्या कटानंतर पकडण्यात आलं आणि २ फेब्रुवारी १९४५ रोजी फाशी देण्यात आली. बॉशनंतर कंपनीची सूत्रं सांभाळणारे हान्स वाल्त्स यांना ज्यूंना केलेल्या मदतीबद्दल १९६९ मध्ये इस्रायलने सन्मानित केलं. कंपनीचे नव्वद टक्क्यांहून जास्त शेअर्स आज बॉशच्या नावाच्या फाउंडेशनकडे आहेत, मृत्युपत्रातल्या त्याच्या इच्छेनुसार नफ्याचा भाग आरोग्य, शिक्षण अशा कामांवर जातो.

बॉश स्वतः कधी भारतात आल्याचं वाचनात आलं नाही, त्याचा माल मात्र १९२२ पासून कलकत्त्याच्या एजन्सीमार्फत येत होता. १९५१ मध्ये बंगलोरला मायको सुरू झाली, १९७०च्या सुमारास नाशिकला सातपूरला तिचा कारखाना आला. २००८ मध्ये मायकोचं नाव बदलून बॉश लिमिटेड झालं. पण नाशिकच्या मुलांना विचारा, त्र्यंबक रोडवरच्या त्या चौकाला आजही सगळे मायको सर्कलच म्हणतात.